खिडकी, मांजर आणि शंभर टक्के

लाँड्रीत तिला सगळे ठिणगी म्हणत आणि ते तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे म्हटलेलं कानावर गेलं तर ती जास्त भडकेल अशी प्रत्येकाला धास्ती होती. इस्पितळाच्या तळघरात ही लाँड्री. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, गाउन ढकलगाडीतून खाली यायचे. रक्ताचे एकीकडे, औषधाच्या डागांचे दुसरीकडे अशी वाटणी व्हायची, मग धुलाई, मग वाळवणी, आणि शेवटी इस्त्रीचा लांबलचक गरम रोलर. ठिणगी त्या रोलरवर होती. एका बाजूने दोघींनी चादरीचे कोपरे धरून ती आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने दोघींनी काढून घड्या घालायच्या. समोरचीने कोपरा जरा वाकडा धरला की ठिणगीचं तोंड सुरू व्हायचं ते चादर पार होईपर्यंत.

तिचा राग सगळ्यांना माहीत होता. तो कुठून आला हे विचारायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. बाई रागीट असली की लोक कारण विचारत नाहीत, थंड पाणी प्यायचा सल्ला देतात. म्हणून ते कारण इथेच सांगून टाकतो.

ठिणगी आठवीत होती तेव्हा तिच्या शाळेत जर्मन भाषा शिकवत. सरकारी अभ्यासक्रमातला विषय नव्हता तो. शाळेचा स्वतःचा विषय, परीक्षा शाळेची, दाखला शाळेचा. पुस्तकंही शाळेचीच, कुणा दानशूर गृहस्थाने परदेशातून पाठवलेली, बाजारात न मिळणारी. जूनमध्ये वाटायची आणि एप्रिलमध्ये परत घ्यायची. त्या पुस्तकाच्या पहिल्या भागात एक कुटुंब होतं. आई, बाबा, मुलगा, मुलगी आणि मांजर. ही खिडकी आहे. हे मांजर आहे. मांजर खुर्चीखाली आहे. असं करत करत शेवटच्या पानावर हे सगळं बिऱ्हाड स्टेशनवर उभं राहायचं, पायाशी बॅगा, मांजर टोपलीत, सगळ्यांच्या माना रुळांकडे वळलेल्या. तिथे पुस्तक संपायचं.

"बाई, हे कुठे चाललेत?" आठवीतल्या ठिणगीने विचारलं होतं.

"पुढच्या भागात कळेल," बाई म्हणाल्या.

त्या बाई वर्ष संपताच गेल्या. जर्मनच्या बाईंना शाळा दहा महिन्यांपुरतीच नेमायची, त्यामुळे दर वर्षी दुसऱ्या बाई. मुली त्यांना नव्या बाई म्हणत आणि नाव शिकण्याआधी त्या जुन्या होऊन जात. नववीत नव्या बाई आल्या आणि म्हणाल्या, तुमचं कच्चं राहिलं असेल, पहिल्यापासून घेऊ. खिडकी, मांजर, खुर्ची, स्टेशन. दहावीत आणखी नव्या बाई आल्या आणि त्यांनीही पहिल्यापासून घेतलं. तीन वर्षं ठिणगीने तोच पहिला भाग घोकला आणि तिन्ही वर्षं शंभरपैकी शंभर मिळवले. बाकीच्या मुली खूश होत्या, अभ्यास करावा लागत नव्हता. ठिणगीला मात्र त्या भाषेचं वेड लागलं होतं. गल्लीतून जाताना ती दिसेल त्या वस्तूला जर्मनमध्ये हाक मारायची, आणि शब्द संपले की तिचा जीव कासावीस व्हायचा.

शहरात परकीय भाषांचं कॉलेज होतं. दहावी झाल्यावर ती शंभर टक्क्यांचा दाखला घेऊन तिथे गेली. खिडकीतल्या कारकुनाने दाखला उलटसुलट करून पाहिला. "दुसरा भाग झालाय?" त्याने विचारलं. "आमच्याकडे तिसऱ्यापासून सुरू होतं." झाला नव्हता. त्याने दाखला परत सरकवला आणि मागच्या मुलीला पुढे बोलावलं. तेव्हापासून ठिणगीच्या नाकाच्या शेंड्यावर रागाने जे बिऱ्हाड थाटलं, ते आजतागायत हललेलं नाही.

तर, लाँड्रीत धुलाईचं नवं मशीन आलं. मशीनबरोबर ते बसवणारा फिटर आला, उंच, लालबुंद आणि निव्वळ जर्मन बोलणारा. कंपनीचा दुभाषा दुपारपर्यंत यायचा नव्हता. फिटर पाइपाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता आणि मुकादम नुसता मान डोलवत होता. एवढ्यात मुकादमाची ट्यूब पेटली.

"अरे, आपली ठिणगी शिकलीय ना जर्मन! तीन वर्षं! शंभरपैकी शंभर! बोलवा तिला."

खोटं कशाला सांगा, ठिणगीला आनंद झाला. हात पुसत, पदर सारखा करत ती पुढे आली. हा दिवस कधीतरी येईल असं तिने कितीदा मनात रंगवलं होतं. फिटर तिच्याकडे पाहून हसला आणि एक भलंमोठं वाक्य बोलला. त्यातला एकच शब्द तिला कळला, पाणी. पाण्याचं काय? गरम हवं? बंद करायचं? कुठून येतं? हे विचारायचं कसं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"हे पाणी आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली.

फिटरने समजूतदारपणे मान हलवली आणि वाट पाहिली. लाँड्रीतल्या सगळ्या बाया काम टाकून तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. काहीतरी बोलायलाच हवं होतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून पाठ केलेलंच बाहेर पडतं.

"ही खिडकी आहे," ठिणगी म्हणाली आणि तिचा हातही आपोआप वर गेला.

फिटरने वळून त्या दिशेला पाहिलं. तळघर ते, तिथे कसली खिडकी! नुसती भिंत होती. तो भला माणूस तरीही भिंतीवर खिडकी शोधत राहिला. त्याचं ते शोधणं पाहून बाया पोट धरधरून हसल्या. मुकादम तर ढकलगाडीला टेकून हसला. त्यात कुणाचं वाईट मनात नव्हतं, पण ठिणगी रोलरकडे परत गेली ती पाय आपटत, आणि उरलेला दिवस तिने एक चकार शब्द काढला नाही. ती ओरडत होती तेव्हा बरं होतं, असं समोरचीला वाटून गेलं.

घरी आली तर टर्पेंटाइनचा वास. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. स्वभावाने इतका थंड की ठिणगीशी त्याचं लग्न जुळवणाऱ्याने नीट विचार केला असावा असं लोक म्हणत. तो दारात बसून कुठल्याशा केशकर्तनालयाची पाटी करत होता. आत आईच्याच शाळेत नववीत शिकणारी लेक, घरात तिला बारकी म्हणत, मोठ्याने पाठ करत होती. "हे मांजर आहे. मांजर खुर्चीखाली आहे."

ठिणगी चपला काढता काढता थांबली.

"हे गेल्या वर्षीचं ना गं?"

"यंदाही हेच आहे."

"हेच म्हणजे?"

"नव्या बाई आल्यात ना, म्हणून पहिल्यापासून." बारकीने पुस्तक मिटलं. "आई, हे लोक स्टेशनवर जातात ना, ते पुढे कुठे जातात?"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला तिने ते वेड लावलं नव्हतं, उलट कधी विषयही काढला नव्हता. ते पोरीला आपसूकच लागलं होतं. गेल्या वर्षीपासून बारकी म्हणत होती की मी दहावीनंतर भाषांच्या कॉलेजला जाणार. म्हणजे आता उरलं होतं एक वर्ष. त्या वर्षीही खिडकी आणि मांजरच झालं, तर ही पोर शंभर टक्क्यांचा दाखला घेऊन त्याच कारकुनासमोर उभी राहणार होती.

"अगं, हल्ली मोबाइलवर शिकता येतं म्हणे," नवरा दारातून म्हणाला.

"कॉलेजला मोबाइलचा दाखला चालतो का? विचारून बघा जरा!" ती कडाडली. "आणि तुम्ही तर बोलूच नका. दर वर्षी शाळेच्या फाटकावर शंभर टक्के कोण रंगवतं?"

हे खरं होतं. फाटकाजवळ उंचावर लांबरुंद फळा होता. एका वर्षाखाली एक वर्ष, जर्मन भाषा, निकाल शंभर टक्के. लग्न झाल्यापासून त्या ओळी तोच रंगवत आला होता आणि त्याच्या मोकळ्याढाकळ्या, देखण्या अक्षराचं शाळेत कौतुक होतं. तो ब्रश धुवायला लागला.

दुसऱ्या दिवशी ठिणगी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खुर्चीत बसून चहा घेत होत्या. त्यांच्या मागे काचेचं कपाट होतं, आणि कपाटात निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांची चळत. ठिणगीने नीट वाचलं. भाग दुसरा. कोरी करकरीत, हातही न लागलेली.

"मुलीला गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव मार्क आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तक्रार काय आहे तुमची?"

"तिला पुढचं शिकवा."

"पाया पक्का नको का?"

"माझा पाया तीन वर्षं पक्का केलात, बाई. त्यावर भिंत कधी चढणार?"

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "हे बघा, दुसरा भाग अवघड आहे. मुली नापास होतील. आमचा निकाल आजवर शंभर टक्के आहे, तो पाहून पालक मुली घालतात. एका मुलीसाठी शाळेचं नाव खाली आणू?"

"मग ही पुस्तकं कशाला ठेवलीत? पाहुण्यांना दाखवायला?"

"मुलांच्या हातात दिली की खराब होतात."

याला काय म्हणावं! पुस्तकं वाचली की खराब होतात म्हणून ती कुलपात, आणि मुली शिकल्या की नापास होतात म्हणून त्या पहिल्या भागात. ठिणगी बरंच बोलली. काय बोलली ते इथे सगळं लिहिता येणार नाही. शिपायाने दार उघडून धरलं तेव्हा ती बाहेर पडली. व्हरांड्यात एक तरुण बाई हातात खडू घेऊन उभ्या होत्या, त्या पुढे आल्या. याच यंदाच्या नव्या बाई.

"मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, दुसरा भाग घेऊ का," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझा तिसराही झालाय. मला सांगितलं, दहा महिन्यांसाठी आला आहात, आहे ते करा."

"मग केलंत?"

"केलं," नव्या बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्यावरही ओरडायचं ठिणगीच्या जिभेवर आलं होतं, पण ते तिने कसंबसं गिळलं.

वार्षिक परीक्षा झाली. जर्मनच्या पेपरच्या दिवशी बारकी घरी आली ती ताठ मानेने.

"कसा गेला?"

"कोरा दिला."

"काय दिला?"

"कोरा. सगळं येत होतं. नाव घातलं आणि दिला. आता शंभर टक्के कसे होतात तेच बघते."

ठिणगीने डोक्याला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपला राग बाहेरून दिसत होता, दोन वेण्या घातलेला. "अगं, तुला काढून टाकतील ना त्या विषयातून!" ती ओरडली. "मग दुसरा काय आणि पहिला काय!"

"आई, तू असतीस तर काय केलं असतंस?"

ठिणगीने लेकीच्या पुढ्यात जेवणाचं ताट ठेवलं आणि ती तिच्या शेजारी बसून राहिली.

मोठ्या बाई मात्र मुरलेल्या होत्या. त्यांनी आई-बापांना बोलावून घेतलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मुलगी गैरहजर होती असं आम्ही धरलंय. जेवढ्या बसल्या तेवढ्या पास झाल्या. निकाल शंभर टक्केच आहे." मग त्यांनी बारकीच्या बाबांकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी त्या तासाला तिला चित्रकलेला बसवू. वडिलांचा हात आलाच असेल तिच्यात. आणि हो, रविवारी येऊन फळ्यावर यंदाची ओळ लिहून टाका. सोमवारी निकाल आहे, पालक येतील."

म्हणजे पोरीने स्वतःचा बळी दिला आणि त्या शंभराला ओरखडाही उठला नाही. घरी येईपर्यंत ठिणगी रस्त्याने मोठमोठ्याने बोलत होती आणि येणारेजाणारे बाजूला होत होते. नवरा मागून आपल्या चालीने येत होता. "अहो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" तिने दारात विचारलं. "तुमच्या अंगात रक्त आहे की टर्पेंटाइन?"

"रविवारी शिडी धरायला येशील?" एवढंच तो म्हणाला.

ती चिडली, पण गेली. सकाळी शाळेत चिटपाखरू नव्हतं. फाटकाच्या किल्ल्या असलेला पहारेकरी कोपऱ्यात पेंगत होता. नवरा शिडीवर चढला, तळाशी यंदाचं साल घातलं, जर्मन भाषा, निकाल शंभर टक्के, नेहमीसारखं सुबक. ठिणगी शिडी धरून धुसफुसत होती. आता उतरेल म्हणून तिने वर पाहिलं तर त्याने खिशातून बारका ब्रश काढला होता.

पाट्या रंगवणाऱ्याला जागेचा अंदाज लागतो. 'जर्मन भाषा' आणि 'निकाल' यांच्यामध्ये तो वर्षानुवर्षं ऐसपैस जागा सोडत आला होता, दुरून वाचायला बरं म्हणून. आधीच्या पेंटरचीच रीत ती. त्या जागेत त्याने दोन शब्द घातले. भाग पहिला. मग शिडीची एक पायरी वर चढून वरच्या ओळीत तेच. मग त्याच्या वर. लेक शाळेत जायला लागली तेव्हाची वर्षं, लग्नाची वर्षं, आणि आधीच्या पेंटरच्या हातची ती तीन वर्षं, ज्यांत ठिणगीचेही शंभर होते. भाग पहिला. भाग पहिला. भाग पहिला. फळ्याच्या टोकापर्यंत. एकेक अक्षर तो असं निगुतीने काढत होता की जणू याचीच त्याला मजुरी मिळणार होती.

ठिणगीने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

सोमवारी फाटकाशी पालकांची गर्दी झाली. आधी लोक नेहमीसारखे नुसते आत गेले. मग एक किराणा दुकानदार थांबला आणि तोंडातल्या तोंडात वाचत वर वर गेला.

"माझी थोरली पहिला भाग शिकली," तो म्हणाला. "मधलीही पहिलाच. आता धाकटीही पहिलाच शिकतेय. मग दुसरा शिकतं कोण?"

दोघं थांबले, चौघं थांबले. कुणीतरी आपलं साल शोधून काढलं, कुणी बायकोचं. एक म्हातारे गृहस्थ तावातावाने म्हणाले की माझ्या सुनेला अजून ते मांजर पाठ आहे. गलका ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या, त्यांनी फळा वाचला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय लिहिलंत? आत्ताच्या आत्ता पुसा!"

"पुसतो की," ठिणगीचा नवरा म्हणाला. ब्रश आणि फडकं तो घेऊनच आला होता. "यातलं खोटं कुठलं, तेवढं बोट ठेवून दाखवा. लगेच पुसतो."

मोठ्या बाईंनी बोट उचललं नाही. त्या आत वळल्या तर पालक त्यांच्या मागोमाग आत शिरले, आणि मग कार्यालयातून जे आवाज आले ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होते. ठिणगीने रात्रभर मनात केवढं भाषण जुळवून ठेवलं होतं! त्याची गरजच पडली नाही. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि दुसऱ्यांचा राग ऐकू लागली. तिच्या कानांना तो फार गोड लागला.

जूनमध्ये काचेचं कपाट उघडलं. बारकी दहावीच्या वर्गात चित्रकलेला नाही, जर्मनच्याच तासाला बसली, आणि शिकवायला त्याच बाई आल्या, ज्यांना आता नव्या म्हणता येत नव्हतं. त्यामुळे मुलींना त्यांचं नाव विचारून घ्यावं लागलं. मोठ्या बाई अजूनही ठिणगी समोरून आली की मान वळवतात. तिला त्याचं काही नाही.

पुस्तक मिळालं त्या दिवशी ठिणगी कामावरून आली तर बारकी उंबऱ्यात बसून होती, मांडीवर निळं पुस्तक.

"आली का गं गाडी?" ठिणगीने चपला पायातच असताना विचारलं.

"आली."

"कितव्या धड्यात?"

"धड्यात नाही आई. पहिल्याच पानावर."

ठिणगीने पुस्तक हिसकावून घेतलं. पहिल्या पानावर गाडी स्टेशनात उभी होती, दार उघडं होतं आणि चित्रातली ती आई मांजराची टोपली घेऊन पायरी चढत होती. पुढे सबंध पुस्तक होतं. ठिणगी तिथेच उंबऱ्यावर बसली. तिला इतका राग आला की रडू फुटलं.

"एक पान," ती म्हणाली. "अहो, ऐकलंत का, एक पान होतं नुसतं! तेवढं उलटू द्यायला काय झालं होतं मेल्यांना?"

नवरा ब्रश टाकून जवळ येऊन उभा राहिला. लेकीने आईच्या हातातून पुस्तक हळूच परत घेतलं आणि वाचायला सुरुवात केली, पण तिसऱ्याच ओळीत एक शब्द दोघींनाही येईना, म्हणून ती अडखळली.

"थांबलीस कशाला?" ठिणगी डोळे पुसत खेकसली. "तो उद्या बाईंना विचार. पुढचं वाच."